गुलाबी कॅप्सूल आणि पुढचा दांडा

यंदा पालखी शुद्धीत वाहायची! दिवाळीपासून हौसेरावाच्या डोक्यात एवढं एकच होतं. साताऱ्याकडच्या त्याच्या गावी नाथसाहेबाच्या चैत्रातल्या यात्रेत पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान त्याच्या घराचा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पंधरा वर्षं पाठीवर गोण्या वाहून कंबर कामातून गेली, पण तो मान काही त्यानं सोडला नव्हता.

गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, कळ मारायला त्यानं रोजच्या गुलाबी कॅप्सूलवर आणखी दोन घेतल्या. पालखी वाहिली म्हणे त्यानं! त्याला काडीचंही आठवत नव्हतं. गुलाल कुणी लावला हेसुद्धा बायकोनं, रंगूबाईनं सांगितलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. शिवाय एखाद्या दिवशी कॅप्सूल चुकली की दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे.

रंगूबाईनंच त्याला सानपाड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कॅप्सूल एकदम बंद न करता हळूहळू कमी करायला घेतली, सवय न लागणारी साधी गोळी दिली आणि व्यायामासाठी नमिता मॅडमकडे पाठवलं.

"शेक घ्या. उताणे पडून कंबर उचला, रोज दहादा. याची सवय लागली तर खुशाल लागू द्या!" मॅडम म्हणाल्या.

आठ दिवसांत कंबर सुधारायची सोडून आणखीच धरली. मॅडम चक्रावल्या आणि थेट मार्केटात आल्या. बघतात तर काय, गाळ्यामागं फळीवर हौसेराव उताणा आणि पोटावर कांद्याची अर्धी गोणी!

"अहो काका, हे काय?"

"वजनाबिगर मेहनत कसली, मॅडम? आमाला रिकाम्या अंगाचा भरवसाच न्हाय."

हमालांच्या टोळीचा मुकादम, हौसेरावाच्याच गावचा सयाजी पोट धरून हसला. मॅडमही हसल्या, पण गोणी उतरवूनच! सयाजीनं त्याच दिवशी त्याला वाहणीवरून काढून गोण्या शिवायला बसवलं.

मग मात्र जादू झाली. जादू कसली, रोजची कंटाळवाणी मेहनत ती! होळीला शेवटची कॅप्सूल सुटली. कळ पुरती गेली नाही, पण तिचा धाक गेला. यात्रेच्या आठ दिवस आधी टोळीनं वाशाला दोन गोण्या बांधून गाळ्यामागंच पालखी केली. गुडघ्यांत वाकून, मॅडमनी शिकवलं तसं, हौसेरावानं पुढचा दांडा खांद्यावर घेतला आणि उठला! अख्खी टोळी ओरडली, "नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!" बघायला आलेल्या मॅडमचाही आवाज त्यात होता.

आणि यात्रा! खांदा रगडत होता, कंबर ठणकत होती आणि हौसेराव आनंदानं नुसता फुलला होता. पालखी देवळात टेकली तशी रंगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. गेल्या वर्षीसारखं सगळं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण तो आधीच म्हणाला, "पाराजवळ हुतीस तू. हिरवं लुगडं. सयाजीच्या आईनं गुलाल लावला तवा तू रडत हुतीस."

रंगूबाईनं तांब्या त्याच्या हातात दिला. "गेल्या साली बी रडले हुते," ती म्हणाली.