उभ्या माणसाची नाडी

१७ नोव्हेंबर २०२२. मक्याचे दिवस. पारोळ्याच्या बाजार समितीत, मी जिथे दिवाणजी आहे त्या आडतीवर, झुलालच्या टोळीची त्या दिवसाची हमाली पाच हजार सहाशे सत्तर रुपये झाली. माणसे नऊ; प्रत्येकी सहाशे तीस. टोळीचा नियम जुना आहे. जो पाठीवर पोते घेतो त्याचा हिस्सा सारखा, जो घेत नाही त्याचा हिस्सा नाही. सुपडूने त्या दिवशी एकवीस पोती उचलली आणि बाविसाव्याखाली मटकन बसला.

सुपडू सेहेचाळीस वर्षांचा, टोळीत सव्वीस वर्षे. जानेवारीत त्याला कोरोना झाला. ताप आठवड्यात उतरला, धाप मात्र राहिली. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही चांगले. तेव्हापासून टोळीत तो अंगचोर ठरला. मीही तसेच समजत होतो.

“जवाईबापूले पाट मांडा रे!” झुलाल ओरडला. “बठ्ठा रिपोर्ट चांगला शे, तरी दमस!”

“झुलालभाऊ, आडा पडनू का बरं वाटस,” सुपडू म्हणाला. “उभा राह्यनू का छाती धडधडस.”

सगळे हसले. मला हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला एसटीने धुळ्याला नेले. डॉक्टरांनी त्याला निजवून नाडी मोजली: शहात्तर. मग दहा मिनिटे नुसते उभे केले: एकशे चोवीस. पाय जांभळट पडले होते.

“आजवर सगळ्यांनी यांना झोपवूनच तपासलं,” डॉक्टर म्हणाले. “कोरोनानंतर काहींचं असं होतं. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, हृदयाला धावावं लागतं. हे नाटक नाही. ओझं बंद.”

“कितला दिन?”

“सांगता येत नाही.”

परतल्यावर मी टोळीला डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. झुलालने पंच्याने तोंड पुसले. “सुपडूभाऊ, तू पोता शिव. हिस्सा सारखाच भेटी.”

“पाठ नही, तं हिस्सा नही. नियम तूच सांगस ना?” सुपडूने पोते ओढायचा लोखंडी आकडा झुलालच्या हातात दिला.

आता तो आडतीवर पोती शिवणाऱ्या मंदाबाईंशेजारी बसून फाटकी पोती शिवतो, पोत्यामागे तीन रुपये. बसलेला असला की ठीक असतो. पाणी प्यायला उठला की भिंत धरतो. धुळ्याची फी आणि भाडे मिळून सहाशे चाळीस रुपये मी भरले होते. आठवड्याला पन्नास असे तो फेडतो. नव्वद रुपये येणे बाकी आहे.