एका अंगरख्यातली दोघं

दारावरची बेल वाजली की ड्रॉइंगबाई आधी भिंतीवरचं एक चित्र उलटं करायच्या आणि मगच दार उघडायच्या. पाहुण्यांना दिसायची ती नुसती कॅनव्हासची मागची बाजू. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "रंग वाळायचाय अजून." तो रंग कधी वाळलाच नाही.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. आमच्याच शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी इंग्रजी. निवृत्तीनंतर आमची घरं समोरासमोर आली. त्यांचा मुलगा मंगोलियात एका बांधकामावर इंजिनियर होता. तिथल्या एका तरुण चित्रकाराचं तैलचित्र त्यानं आईला आणून दिलं. बर्फाचा माळ आणि एकाच जाड अंगरख्यात शिरलेले नवरा-बायको. तो तिच्या गालाला नाक लावून वास घेतोय, एवढंच. तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उगाच चष्मा पुसायला घेतला.

त्यांचे यजमान, म्हणजे सर, मूळचे मंगळवेढ्याचे. ते म्हणायचे, "आगं, काढ की ते. बायामान्सं येत्यात घरात."

"अंगभर कपडे आहेत हो त्यांच्या."

"म्हणून तर लई वंगाळ दिसतंय."

शेवटी चित्र उलटं करण्यावर तडजोड झाली. पाहुणे गेले की ते सुलटं करायला मात्र सर स्वतः उठायचे.

बाईंना मग छंदच लागला. टॅबवर त्या तिकडच्या चित्रकारांनी काढलेली जोडपी शोधून मला दाखवायच्या. कुणी बायकोची वेणी घालतोय, कुणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलाय. "बघा मॅडम, मिठी मारून कुणी दाखवत नाही. एकानं टेकायचं आणि दुसऱ्यानं हलायचं नाही. आपल्याकडे असं कुठं बसतात, सांगा?" तुमच्या आजोबांशेजारी चारचौघांत मी शेवटची कधी टेकून बसले होते, ते आठवून पाहिलं आणि विषय बदलला.

बाजारात सर पुढे आणि बाई मागे, हा तर नेमच. नवी पेठेत एकदा अंगावर रिक्षा आली म्हणून बाईंनी त्यांची बाही धरली. सरांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. बाही सोडून बाईच "सॉरी" म्हणाल्या.

पुढे सरांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तशी गावाकडची मंडळी येऊन पलंगाभोवती बसली. बाई स्वयंपाकघराच्या दारात, पदर सावरून उभ्या. मला आत ओढून म्हणाल्या, "मॅडम, मला त्यांच्याजवळ जायचंय. पण मोठे दीर बसलेत. लाज वाटते हो. अशा वेळीसुद्धा वाटते, याची तर जास्तच वाटते."

मी बाहेर आले आणि वर्गात बोलायचे तशी बोलले. "सगळ्यांनी माझ्याकडे चहाला चला."

दीर म्हणाले, "आता कसला चा, मॅडम? हितंच बरं हाय."

"इथला गॅस संपलाय. उठा."

उठले बिचारे. माझ्याकडे मी चहा उकळत ठेवला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा उकळला. दिरांनी विचारलं, "वैनी कुटं हायत?" मी कपबश्यांकडे बघत "येतायत" म्हटलं. कान तापले होते, जणू मीच काही भलतं करत होते.

बऱ्याच वेळानं बाईंनी समोरचं दार उघडलं. डोळे कोरडे, केस विस्कटलेले. दिरांना पाहून त्यांनी घाईनं पदर घेतला. सर दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, सगळ्यांच्या देखत.

मुलाकडे राहायला निघाल्या तेव्हा सामान बांधता बांधता त्यांनी मला त्या दुपारचं सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि मीही त्यांच्याकडे नाही. "मी नुसती उभीच होते हो, मॅडम, पलंगाजवळ. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, 'कडी लावलीस न्हवं?' लावली, म्हटलं. मग भिंतीकडं जरा सरकले आणि म्हणाले, 'ये की मग.'"