दोन बोटं मानेवर

जमादार सर कुणाला "बरं हाय का?" असं विचारत नसत. समोरच्या गड्याचं मनगट धरायचे, घड्याळाकडं बघायचे आणि मगच बोलायचे. आम्हा बायकांना म्हणायचे, "ताई, मानंला दोन बोटं लावा, आपलं आपण बघा." गारगोटीजवळच्या आमच्या शाळेत ते खेळाचे मास्तर होते. मी तिथं पोरांची खिचडी शिजवते.

पळून आल्यावर प्रत्येक पोरानं छातीचे ठोके मोजून सांगायचे, असा त्यांचा नियम. कमी भरले की सर ओरडायचे, "हे पळणं न्हाय, वरात हाय! परत जावा." मग पोरं वाढवून सांगायला लागली. सर म्हणायचे, "एवढं पडत्यात? मग तू जिता कसा रं?"

एकदा मोठे साहेब तपासणीला आले. सरांनी हेडसरांचं मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, खुर्चीत बसून जोतिबाचा डोंगर चढलाय की!" तेव्हापासून जमादार सर दिसले की हेडसर हात खिशात घालायचे.

माझी सुली अंगानं जाड. पळण्यात कायम शेवटची. पोरं "म्हस आली, म्हस आली" करायची. एक दिवस ती म्हणाली, "आई, मी मैदानावर जाणार न्हाय." मी चारचौघांत तोंड न उघडणारी. सरांना वाढता वाढता एवढंच पुटपुटले, "सुली नको म्हणती."

"आजच्या दिवस येऊ दे की," सर म्हणाले.

त्या दिवशीही ती शेवटचीच आली. सरांनी पहिल्या आलेल्या संग्रामचं मनगट धरलं, मग सुलीचं. "पावणं, तू फिरून आलायस. पळाली ही! हिच्याएवढं ठोकं होईस्तोवर पळ." संग्राम फेऱ्या मारत राहिला. सुली चिंचेखाली बसून सरांचं घड्याळ हातात घेऊन त्याची मान तपासायची आणि म्हणायची, "अजून न्हाय, सर."

ती अजून शेवटचीच येते, पण रोज जाते. सरांची चंदगडला बदली झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मला एवढंच सांगायचं होतं. हेडसरांनी नाव पुकारलं, मी उभी राहिले आणि शब्दच फुटेना.

सर खुर्चीतनं म्हणाले, "ताई, मानंला बोटं लावा."

मी लावली.

"पळतंय का?"

मी मान डोलावली.

"मग बसा. लई जोरात झालं भाषण."

पहिली टाळी हेडसरांनी वाजवली, खिशातनं हात काढून.