'काय शिकलात' या रकान्यात

सरांनी माझं पान नाकाशी नेलं. हुंगलं. मग दोन बोटांत लांब धरलं आणि विचारलं, "बांगडा की सुरमई?"

हॉल हसला. सगळे माझ्यासोबतचे इंटर्न, शिकाऊ डॉक्टर. माझ्या डब्यातलं माशाचं तिखलं बोटं चाटून खाणारेही हसले.

आम्ही खारवी, पूर्णगडकडचे मच्छीमार. पहिल्याच राऊंडला सरांनी प्रत्येकाला विचारलं होतं, वडील काय करतात? बहुतेकांचे डॉक्टर. मी म्हटलं, वडील वारले, आई मासे विकते. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मासळी उतरते तो धक्का, जेटी, हेच माझं नाव झालं. "ए जेटी, सलाईन लाव." मी लावायचे.

त्या पानावर काय होतं ते सांगते.

पोस्टिंग संपलं की पोर्टफोलिओ द्यायचा असतो. त्यात एका रुग्णाबद्दल रिफ्लेक्शन लिहायचं. काय घडलं, काय वाटलं, काय शिकलात. खाली विभागप्रमुखांची, म्हणजे याच सरांची सही. सही नाही तर पोस्टिंग पुन्हा. तोवर डॉक्टर म्हणून नोंदणी नाही. म्हणून आमच्यात कोणी लिहीतच नाही. सिनियरचं जुनं रिफ्लेक्शन मोबाइलवर येतं. वय बदलायचं, तापाच्या जागी खोकला घालायचा. "मला रुग्णाबद्दल सहानुभूती वाटली" हे वाक्य आमच्याकडे पिढीजात आहे. सहानुभूतीचीसुद्धा कॉपी!

मी खरं लिहिलं. तेवढंच केलं.

एक मावशी आली होती. मासे विकणारी. शिंगाळा माशाचा काटा हातात घुसलेला, हात कोपरापर्यंत सुजलेला, अंगात ताप, बीपी खाली. सरांनी पडदा सरकवला आणि मास्क वर ओढला. हात लावला नाही.

"आधी आंघोळ घालून आणा हिला. मग बघतो."

"न्हावूनच आलंय हो डॉक्टर," मावशी म्हणाली. "हाताचा वास जात नाय."

मी म्हटलं, "सर, बीपी कमी आहे. ती उभी राहू शकत नाही."

"तू ने. तुला सवय आहे."

नेलं. न्हाणीघराच्या दारात मला धरून तिने विचारलं, "कोनाची गो तू?" मी आईचं नाव सांगितलं. ओळखत होती. एवढ्या तापात हसली. तेवढ्यात सर ओरडले, "जेटी! राऊंड कोण करणार, तुझी आई?" मी मावशीला स्टुलावर बसवलं, आयाला हाक मारली आणि धावले. आया पोचायच्या आत मावशी उठली. डॉक्टरांना ती स्वच्छ हवी होती ना. ओल्या फरशीवर पडली. खुबा मोडला.

हेच लिहिलं होतं, शब्दाला शब्द. 'काय वाटलं' मध्ये लिहिलं, राग आला. 'काय शिकलात' मध्ये लिहिलं, वास येणाऱ्या माणसाला आम्ही उशिरा हात लावतो.

सरांनी ते सगळं हॉलमध्ये मोठ्याने वाचलं. मावशीचं बोलणं नाकात, हेल काढून. "न्हावूनच आलंय होऽऽ." पुन्हा हशा. मग पान माझ्यासमोर टाकलं, वर पेन ठेवलं.

"रिफ्लेक्शन म्हणजे आरसा. त्यात स्वतःचं तोंड बघायचं, माझं नाही. लिही इथेच. रुग्णाला एकटं सोडलं, ही माझी चूक. वैयक्तिक स्वच्छतेचं महत्त्व मी शिकले. लिही, लगेच सही करतो."

मागून मैत्रीण कुजबुजली, "लिही ना गं. वाक्यच तर आहे."

वाक्यच तर आहे. अशाच वाक्यांवर यांचं सगळं उभं आहे. चूक वर होते आणि लिहिताना खाली उतरते. सरांकडून इंटर्नवर, इंटर्नकडून आयावर, आयाकडून पेशंटवर. पेशंटच्या खाली कोणी नसतं. म्हणून तीच पडते.

मी पेन उचललं. "रुग्णाला एकटं" एवढं लिहिलंही. हात माझा. अक्षर माझं. चूक त्यांची. ते दोन शब्द खोडले आणि पान त्यांच्याकडे सरकवलं.

"सर, हे तुमचं रिफ्लेक्शन आहे. तुम्ही लिहा. मी सही करते."

आता फक्त सर हसले. "आईला फोन कर. म्हणावं, टोपली काढून ठेव, डॉक्टरीण येतेय घरी."

सही मिळाली नाही. बाकीचे नोंदणी करून गेले. मी त्याच वॉर्डात, त्याच सरांच्या हाताखाली. आई म्हणाली, "लिवून टाकायचंस गो. डॉक्टर तरी झालं असतंस." तिलाही मी नाही म्हटलं. तिचं ऐकलं असतं तर तिला तपासताना मीही मास्क वर ओढला असता.

आता पोर्टफोलिओ पुन्हा द्यायचा आहे. मी तेच लिहिणार. तोच पडदा, तोच मास्क, तेच वाक्य. पण या वेळी ते फक्त सरांच्या टेबलावर जाणार नाही. त्याचं पत्रक काढणार. ओपीडीच्या रांगेत, जेटीवर, मासळीबाजारात, हातोहात वाटणार. परत नापास करा. परत वाटीन.

मावशी खाटेवर आहे, टोपली आता सून उचलते. तिच्या घरी जाऊन विचारलं, तुमच्यावर लिहू का? म्हटलं, नाव घालणार नाही.

ती म्हणाली, "का नाय? घाल माझा नाव."

घालणार. आणि त्याच्याखाली सरांचं.