नागपुरात बदललेली एक अट

सांगलीत गाडीत बसले ती दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरले. स्टेशनाबाहेर फेब्रुवारीचं कोरडं ऊन होतं आणि संत्र्यांच्या टोपल्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मी नागपूर पहिल्यांदाच पाहत होते. आयुष्याची त्रेसष्ट वर्षं महाराष्ट्रात काढली, तरी इतक्या पूर्वेला कधी यायचं कारण पडलं नव्हतं.

कारण घडलं ते वसंतरावांच्या शिष्यवृत्तीमुळे. वसंतराव, माझे यजमान, सांगलीच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. वेदान्तातलं अद्वैत आणि बौद्धांचा अद्वयवाद शेजारी शेजारी ठेवून वाचणं हा त्यांचा जन्मभराचा नाद. जाताना त्यांनी काही रक्कम ठेवली आणि एक कागद लिहिला. हे दोन्ही विचार एकत्र अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याला ती द्यावी, मात्र त्याला संस्कृत आणि पाली दोन्ही आलं पाहिजे. तीन वर्षं कुणी मिळालं नाही. मग नागपूरच्या विद्यापीठातल्या एका विभागाचं पत्र आलं की दोन उमेदवार आहेत, तुम्हीच येऊन पाहा.

मी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण वसंतरावांच्या विषयात कधी डोकावले नाही. हा माणूस रोज पहाटे उठून काय वाचत होता, हे कुतूहलही सोबत घेऊनच मी निघाले होते.

संध्याकाळी महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून फिरले. वाड्यांच्या खालच्या मजल्यांवर छोटी दुकानं, आणि समोरून येणाऱ्या स्कूटरला वाट द्यायची तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. एका दुकानात पाटी वाचून सांबारवडी मागितली. वडी आली, छान खमंग होती, पण मी आमटीची वाट पाहत बसले. शेवटी दुकानदारानं विचारलं आणि हसू आवरत सांगितलं की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

दुसऱ्या दिवशी विभागात मुलाखती झाल्या. विभागप्रमुख देशकर सर शांत, कमी बोलणारे. पहिला मुलगा संस्कृत घडाघडा बोलला. पण त्याला स्पर्धा परीक्षा द्यायची होती आणि वर्षभरात जागा सोडावी लागेल, हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला.

दुसरी वैशाली. चौतीस वर्षांची, कळमेश्वरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. कामाच्या पाळ्या सांभाळून तिनं पालीत एम. ए. केलेलं. संस्कृत येत नाही, हे तिनं अर्जातच लिहिलं होतं. मी तिला विचारलं की बौद्ध घरातल्या मुलीला वेदान्त कशाला वाचायचाय. सुरुवातीला ती पुस्तकी मराठीत बोलत होती, पण या प्रश्नावर तिची भाषा घरची झाली.

"वेदान्तवाले म्हणतेत, दोन नाही, एकच आहे. आमच्यातले म्हणतेत, दोन नाही, अन् एक आहे असंही धरून बसू नका. हा फरक नुसता बोलण्याचा आहे का भल्ला मोठा आहे, ते मले पाहायचं आहे. दुसऱ्यानं सांगितलेलं नाही, मूळ वाचून."

मग संस्कृत का शिकली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आठवीत नाव दिलं होतं. बाई म्हणाल्या, तुले झेपणार नाही, मराठीच घे."

ती त्या बाईंना दोष देत नव्हती. झालं ते सांगत होती. पण मी खाली पाहिलं. आमच्या शाळेत आठवीला संस्कृत कुणी घ्यायचं हे मीच ठरवत असे. मीही काही मुलींना हेच वाक्य ऐकवलं होतं. कोणत्या मुलींना, ते आठवायचा प्रयत्न केला आणि जे चेहरे आठवले ते वैशालीसारख्याच घरांतले होते.

देशकर सर म्हणाले की अट पाहिली तर ही बसत नाही, निर्णय तुमचा. मी सोमवारपर्यंत वेळ मागितला. वैशाली रविवारी आईकडे भिवापूरला जाणार होती. मी येऊ का, असं तिला विचारलं. ती क्षणभर गोंधळली आणि हो म्हणाली.

बसनं उमरेड मागे टाकलं तसं रान सपाट होत गेलं. भिवापूरच्या बाहेर जमीन लाल दिसू लागली. माती नव्हे, वाळत घातलेल्या मिरच्या. त्या जागेला सातरा (मिरच्या वाळवून देठ खुडायची मोकळी जागा) म्हणतात. वैशालीची आई, शेवंताबाई, तिथेच देठ खुडत बसल्या होत्या. मीही हौसेनं चार मिरच्या खुडल्या आणि विसरून डोळ्याला हात लावला. पुढची पंधरा मिनिटं शेवंताबाई माझ्या डोळ्यांवर थंड दुधाचा बोळा ठेवत होत्या आणि वैशाली चेहरा पाडून उभी होती.

डोळे उघडता येईनात, तशात शेवंताबाईंनी हळूच विचारलं, "माही पोरगी आपलं सोडून तिकडं जाऊन राहिली का, बाई?"

मी म्हटलं की मला माहीत नाही, तिला दोन्हीकडचं वाचायचं आहे एवढंच कळलं.

"तुम्ही वाचलं का कधी आमच्याकडचं?"

नाही, असं मी सांगितलं. घरात तीस वर्षं पुस्तकं होती. मी त्यांच्यावरची धूळ पुसली होती.

त्यांनी बोळा पुन्हा दुधात बुडवला. मग म्हणाल्या, "शिकवायचं असन तं पुरं शिकवा. मधात सोडू नका."

परतीच्या बसमध्ये मी वैशालीला विचारलं की संस्कृत मी शिकवलं तर शिकशील का, आणि मला पाली शिकवशील का. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पाळीच्या आधी साडेपाचले फोन केला तं चालन का?"

सोमवारी मी वसंतरावांचा कागद देशकर सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या अक्षरावर रेघ मारताना हात थांबला. ते असते तर रागावले असते की नाही, खरंच सांगता येत नाही. तरी मी मारली आणि खाली लिहिलं: दोहोंपैकी एक भाषा यावी, दुसरी शिकण्याची तयारी असावी. सरांनी वाचलं, सही केली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

सांगलीला येऊन आता दीड महिना झाला. पहाटे साडेपाचला फोन वाजतो. आधी माझा धडा, मग तिचा. परवा मी तिला 'देव' शब्द चालवून दाखवत होते. देवः, देवौ, देवाः. ती थांबली.

"मॅडम, पालीत तं हे मधलं नाहीच. दोघांसाठी येगळं रूपच नाही. एक, नाही तं अनेक. काहून असन?"

तीस वर्षं मी मुलींकडून द्विवचन घोकून घेतलं. ते शेजारच्या भाषेतून गळून गेलंय, हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. शोधते."

फोन ठेवून मी वसंतरावांच्या कपाटापाशी गेले. हातात फडकं नव्हतं. वरच्या कप्प्यातली पहिली वही काढली, खिडकीशी बसले आणि वाचायला लागले.