ल्यूबोचा मासा आणि सगळ्यांचं पुस्तक

तोल्मिन गावच्या शाळेत नेवा लेबान बाई एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या. नदीतल्या जिवांवरचं त्यांचं पुस्तक आता इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. कोणीही ते उतरवून घ्यावं, बदलावं, छापून विकलं तरी हरकत नाही. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव त्यांनी न चुकता घातलं होतं. एवढं केलं की झालं, अशी त्यांची पक्की समजूत. शाळेतल्या निम्म्या मास्तरांचीही तीच.

"नाव घातलंत म्हणजे परवानगी मिळाली होय?" ग्रंथपाल दार्को हसला. "शेजाऱ्याची गाय 'ही शेजाऱ्याची' असं सांगून दान कराल काय?"

बाईंना राग आला, कारण तो खरं बोलत होता. मग महिनाभर त्या पत्रं लिहीत बसल्या. बाकी सगळ्यांचे होकार आले. राहिला एकच फोटो, पाण्याखाली टिपलेल्या ट्राउट माशाचा. तिसरा धडा सगळा त्याच्यावर उभा होता. काढणारा ल्यूबो रुतार चार वर्षांपूर्वी वारला होता आणि हक्क त्याच्या बायकोकडे, तोन्काकाकूंकडे, आले होते. परवानगीचा कागद घेऊन बाई त्यांच्या घरी गेल्या.

तोन्काकाकूंनी बटाटा-चीजची गरम फ्रिका पुढ्यात ठेवली आणि कागद ओढून घेतला. "शाळेसाठीच ना? आणा पेन."

बाई गप्प बसल्या असत्या तर काम फत्ते होतं. पण बाईंना राहवेना.

"काकू, आधी ऐका. सही केलीत तर उद्या एखादा हॉटेलवालाही हा मासा मेनूकार्डावर छापेल. तुम्हाला हूं की चूं करता यायचं नाही."

काकूंनी पेन खाली ठेवलं. "त्या गार पाण्यात ह्यांनी गुडघे घालवले. आणि मेनूकार्डावर? नाही बाई."

बाईंनी दुसरी वाट सुचवली. फोटो पुस्तकात ठेवायचा, पण खाली स्पष्ट लिहायचं: बाकी पुस्तक खुलं आहे, हा फोटो नाही, वापरण्याआधी तोन्का रुतार यांना विचारावं.

"हे चालेल. खाली माझा फोन नंबर घाला."

"अहो, जगभर जाईल तो! वेळी-अवेळी कोणीही फोन करील."

"करू दे की," काकू म्हणाल्या. "चार वर्षांत ह्यांचं नाव काढायला एकाचाही फोन आलेला नाही."