रोज चढणारा ड्रम

सासूने तिचं नाव घोरपड ठेवलं, ते काही लाडाने नव्हे. जिथे चिकटेल तिथून सुटायची नाही, असं सासूचं म्हणणं. पुढे सगळी गल्ली तेच म्हणू लागली. तिला मनातून नाव आवडलं होतं, पण सासूला तिने त्याचा पत्ता लागू दिला नाही.

नवरा टेम्पोतून बेकरीचा पाव दुकानोदुकानी पोचवायचा. माणूस म्हणजे गरीब गाय. टेम्पोच्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम वेडावाकडा झिजला आणि ब्रेक दाबला की गाडी थरथरायला लागली. ड्रम आतून कापून गोल करायला त्याने लेथ मशीनवाल्या टर्नरकडे दिला आणि टेम्पो दारात विटांवर बसला. रोज सकाळी तो टर्नरकडे जायचा आणि हसत परत यायचा. "लेथवर चढलाय गं. फिरताना बघून आलो."

आठवडे उलटले. ड्रम रोज चढत होता, घरी येत नव्हता. शेवटी बेकरीवाल्याचा निरोप आला: सोमवारी पहाटे टेम्पो दिसला नाही, तर पावाची फेरी दुसऱ्याला. त्या फेरीवर घरातली चूल पेटत होती. नवरा म्हणाला, चढलाय म्हणजे होईलच की. घोरपडीने चपला घातल्या.

टर्नरचं दुकान लांब बोळाच्या टोकाला होतं. समोर गाड्यांच्या सीटा शिवणारा बसे. त्याच्याकडच्या अर्धवट शिवलेल्या सीटवर तिने बैठक मारली आणि मटार सोलत टर्नरवर नजर ठेवली.

टर्नरच्या दाराला ट्रकचा जुना आरसा ठोकलेला होता. बोळात कोण वळलं ते त्यात दिसे. टॅक्सीवाला वळला. टर्नरने लेथवरचा ड्रम भराभर उतरवला, कोपऱ्यातून टॅक्सीचा उचलला, लेथच्या पकडीत, म्हणजे चकात आवळला आणि मशीन सुरू केलं. टॅक्सीवाला आला, फिरणारा ड्रम बघून समाधानाने गेला. मग शाळेची मुलं नेणारा व्हॅनवाला वळला. टॅक्सीचा खाली, व्हॅनचा वर. कापायची पटाशी मात्र एकाही ड्रमला टेकली नाही. लेथखाली बिडाचा चिमूटभर भुसा नव्हता.

टर्नर कधी खोटं बोलत नाही, असा त्याचा लौकिक होता आणि तो खराही होता. आलेल्या कामाला नाही म्हणणं त्याला जमत नसे, आणि आधी कुणाचं करावं तेही ठरत नसे. म्हणून सगळ्यांचे ड्रम तो आळीपाळीने फिरवायचा. बिडाचा ड्रम जड असतो. या चढउतारीत जेवढे कष्ट गेले, तेवढ्यात तिन्ही कापून झाले असते.

घोरपडीने बोळाच्या तोंडाशी दोघांना गाठलं आणि सगळं सांगितलं. टॅक्सीवाला बाह्या सरसावून निघाला. तिने त्याला थोपवलं. मारामारीत आपलेही हात दुखतात, म्हणाली, आपल्याला फक्त त्याचेच दुखवायचेत.

शनिवारी सकाळपासून पाळी लागली. टॅक्सीवाला दुकानातून निघाला की व्हॅनवाला बोळात वळे. तो गेला की टॅक्सीवाल्याला काहीतरी विचारायचं राहिलेलं असे. तो परतला की व्हॅनवाल्याची छत्री राहिलेली असे, आभाळात ढग नसला तरी. आरशात माणूस दिसला की टर्नर उठे. दुपारपर्यंत त्याच्या दंडात गोळे आले. सीटवाला सुई बाजूला ठेवून तमाशा बघत होता.

स्वतःची पाळी घोरपडीने सगळ्यांत शेवटी ठेवली होती. का, ते कुणी विचारलं नाही. ती मटाराची टोपली घेऊन सीटवरून उठली, बोळाच्या तोंडापर्यंत गेली आणि नवऱ्याला शेजारी घेऊन सावकाश चालत आली. टर्नरने पावाच्या टेम्पोचा ड्रम कसाबसा छातीशी धरून चकात बसवला आणि भिंतीला टेकला.

"चढलाय का, मिस्त्री?"

"चढलाय, वहिनी. खोटं बोलत नाही मी."

"ते गावाला ठाऊक आहे. मग आता उतरवा की. व्हॅनवाला वळलाय बघा."

टर्नरने आरशात पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. "नाही हो," तो म्हणाला. "आता उतरवायचा तो कापूनच."

पटाशी टेकली, काळा भुसा पडू लागला. नवरा ड्रम घेऊन घरी पळाला. घोरपड मात्र पुन्हा समोरच्या सीटवर जाऊन बसली. दोघांना शब्द दिला होता. व्हॅनचा आणि टॅक्सीचा ड्रम उतरेपर्यंत ती तिथेच मटार सोलत राहिली. सोमवारी पहाटे टेम्पो बेकरीच्या दारात उभा होता आणि ब्रेक दाबल्यावर पावाचा एक ट्रेही हलला नाही.

पुढे एकदा टर्नर स्वतः तिच्या दारात आला. लेथची मोटर जळली होती, आतल्या तारा नव्याने गुंडाळायला वाइंडिंगवाल्याकडे दिली होती.

"काय म्हणतो तो?"

"तारांवरचं वॉर्निश सुकतंय म्हणतो."

"खोटं बोलतो?"

"छे हो. बोट लावून दाखवतो. कधीही जा, ओलंच असतं."

घोरपडीने चपला घातल्या.